समपाय

माझा डावा पाय उजव्यापेक्षा सव्वा इंच आखूड आहे. नवव्या वर्षी जिन्यावरून पडले, हाड सांधलं, पण पायाची वाढ मागे पडली. तेव्हापासून मी दुकानातला तयार बूट कधी घातला नाही. बावीस वर्षं एकाच माणसाने माझे बूट केले. त्याला सगळे फर्मेवाले म्हणत. लहानथोर गिऱ्हाईक काका म्हणायचं, म्हणून मीही काकाच म्हणायचे.

त्यांचं दुकान एका अरुंद रस्त्यावर, घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी. पुढच्या खोलीत दोन खुर्च्या आणि एक पाट. मागच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर बूट ज्यांच्यावर बेततात ते लाकडाचे फर्मे. प्रत्येक फर्मा म्हणजे कुणाचा तरी पाय. कुठे अंगठा आत वळलेला, कुठे तळवा सपाट, कुठे टाचच नाही. फर्म्यावर शिसपेन्सिलीने नाव आणि साल लिहिलेलं. माणूस वारला की काका फर्मा खाली काढत, पण टाकत नसत. खालच्या फळीवर अशा पायांची एक रांगच झाली होती.

गिऱ्हाईक आलं की ते आधी चेहऱ्याकडे बघायचेच नाहीत. जुना बूट उलटा करून तळ कुठे झिजलाय ते बघायचे. मला पहिल्या भेटीत म्हणाले होते, "तुम्ही उभ्या राहून काम करता आणि उजवीकडे रेलता." मी छापखान्यात मुद्रितं तपासते. तेव्हा उंच मेज होतं, उभं राहूनच तपासायचो. मला त्या माणसाचा धाक बसला तो कायमचा.

बोलायला पुढे धाकटा भाऊ असायचा. मोठ्याच्या हातात कातडं कापायची रापी, धाकट्याच्या तोंडात साखर, असा कारभार होता. गिऱ्हाइकाला बसवणं, दटावणं, मुदत वाढवून घेणं, हे सगळं धाकटा करी. वेबसाइट काढायची कल्पनाही त्याचीच. गावोगावी असे पाय असलेली माणसं आहेत, त्यांना इथवर येणं होत नाही. त्यांनी कागदावर पाय ठेवून रेघ ओढावी, घोट्याची मापं घ्यावीत, जुन्या बुटाचा फोटो काढावा आणि पाठवावं. काकांचा विश्वास नव्हता. पण सहा महिन्यांत टपालाने कागदी पाय यायला लागले. नावही धाकट्यानेच शोधलं होतं : समपाय. काकांना ते इतकं आवडलं की त्यांनी पितळेचा छाप करून घेतला आणि प्रत्येक बुटाच्या जिभेवर, आतल्या बाजूने, वेबसाइटचा पत्ता उठवायला सुरुवात केली. बूट झिजला की माणूस जीभ उलटून पत्ता बघणार आणि परत येणार, असा हिशेब. आणि लोक यायचेही.

इंटरनेटवरचं नाव विकत मिळत नाही, हे त्या घरात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. ते भाड्याने मिळतं. नावं नोंदवून देणाऱ्या कंपन्या असतात. तिथे मालक म्हणून कुणाचं तरी नाव आणि ईमेल लागतो, आणि मुदत संपायच्या आत भाडं भरत राहावं लागतं. धाकट्याने नोंदणी केली तेव्हा मालक म्हणून स्वतःचं नाव टाकलं, स्वतःचा ईमेल टाकला आणि दहा वर्षांचं भाडं एकदम भरून टाकलं. त्यात काही डाव नव्हता. संगणकासमोर तो बसला होता, एवढंच.

चार वर्षांनी भाऊ वेगळे झाले. धाकट्याला कारखान्यात तयार होणारे तळवे ठेवायचे होते, कुठल्याही बुटात सरकवता येतात तसले. काका म्हणाले, ते तळवे म्हणजे फसवणूक आहे. शब्दाने शब्द वाढला. आई जिवंत होती तोवर जेवायला एका पंगतीला बसत होते. ती त्याच वर्षी गेली आणि तेही थांबलं. धाकट्याने गावाच्या दुसऱ्या टोकाला काचेचं दुकान थाटलं. वेबसाइट मोठ्याकडे राहिली, पण ती ज्या नावावर उभी होती ते धाकट्याच्या नावावर आहे, हे दोघेही विसरून गेले. सहा वर्षं दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. जावाजावांचं मात्र फोनवर चालू होतं, तेही पुरुष घराबाहेर असताना.

मग नाव जिथे नोंदवलं होतं त्या कंपनीला एका मोठ्या कंपनीने गिळलं. वेबसाइट आठवड्यातून एकदा अर्धा दिवस बंद पडू लागली. काकांची लेक इस्पितळात रक्त तपासायचं काम करते. दुकानाचे ईमेल तीच बघायची. तिने चौकशी केली, तेव्हा कळलं की दहा वर्षांची मुदत तीन महिन्यांत संपतेय. तिने ठरवलं की नाव एकदाचं चांगल्या कंपनीकडे हलवावं. जुन्या कंपनीकडून एक कोड घ्यायचा, नव्या कंपनीला द्यायचा, संपलं. आठवड्याचं काम, असं ती मला म्हणाली.

कोड मागितला तर तो मालकाच्या ईमेलवर जाईल असं उत्तर आलं. मालक कोण, तर धाकटा.

तिने सरळ सुचवलं, "बाबा, धाकट्या काकाला एक फोन करा."

ते म्हणाले, "दुकान माझं आहे. त्याच्या दाराशी मी का उभा राहू?"

इथून माझा या भानगडीत शिरकाव झाला. मला लिहिता येतं असा त्यांचा समज होता, म्हणून कंपनीला पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं की दुकान अमुक वर्षापासून चालतं, हा परवाना, ही कराची पावती, हा बुटाच्या जिभेचा फोटो, त्यावर तुमच्याकडे नोंदलेलं हेच नाव. उत्तरं यायची ती वेगवेगळ्या माणसांच्या सहीने, पण पहिलं वाक्य प्रत्येकाचं एकच : आपली अडचण आम्ही समजू शकतो. त्यानंतर काहीतरी नवीन मागायचे. परवाना चालत नाही, ओळखपत्र पाठवा. ओळखपत्राच्या कडेला चकाकी आहे, पुन्हा काढा. काका खिडकीशी उभे राहून ओळखपत्र धरायचे आणि लेक फोटो काढायची. कडेला त्यांची बोटं दिसायची, गोंदाने काळी झालेली. तो फोटोही परत आला : बोटं नकोत. मग कार्ड फर्म्याला टेकवून फोटो काढला. आठ दिवसांनी नव्याच माणसाने विचारलं, आपण नक्की कोणत्या नावाबद्दल लिहीत आहात?

पाच आठवडे असे गेले. शेवटी एकाने स्पष्ट लिहिलं की कागद कितीही पाठवले तरी नोंदलेल्या मालकाखेरीज कुणालाही कोड मिळणार नाही. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. काकांनी ते पत्र मला दोनदा वाचायला लावलं. मग एप्रन काढला, हात घासून धुतले आणि धाकट्याकडे निघाले. एकट्याने जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, म्हणून मला म्हणाले, "चला, तुम्ही बरोबर असलात की तो नीट बोलेल." खरं तर आपण नीट बोलू का याची त्यांना खात्री नव्हती.

धाकट्याच्या दुकानात मऊ खुर्च्या होत्या आणि भिंतीवर रबरी तळवे रंगाप्रमाणे लावलेले. काउंटरवरच्या मुलीने काकांना नंबर घेऊन बसायला सांगितलं. ते बसले. नंबराची चिठ्ठी हातात धरून, पाठ न टेकता बसले. वीस मिनिटांनी धाकटा बाहेर आला आणि समोर भाऊ बघून थबकला. तो बराच सुटला होता, केस पिकले होते.

काकांनी काम सांगितलं. उभ्यानेच, चार वाक्यांत, जसं पोस्टात सांगतात तसं.

धाकटा म्हणाला, "दादा, एवढ्यासाठी इतके दिवस काढलेस? वहिनीकडून निरोप आला असता तरी मी केलं असतं."

त्याने चहा मागवला. दोघांनी तो घेतला. काका तळव्यांकडे बघायचं टाळत होते आणि धाकटा ते टाळणं बघत होता. तरी हळूहळू बोलणं निघालं. कुणाच्या गुडघ्यांचं काय झालं, आईची शिलाईची मशीन कुणाकडे आहे, घड्याळवाला अजून तसाच शिंकतो का. निघताना धाकट्याने दादाचा हात धरला. कोड उद्या पाठवतो म्हणाला. परतीच्या वाटेवर काका पावलं मोजल्यासारखे चालत होते, आणि मधेच म्हणाले, "त्याला लहानपणीही नीट उत्तर देता यायचं. मलाच येत नव्हतं." सहा वर्षांत त्यांनी भावाबद्दल काढलेला तो पहिला बरा शब्द होता.

दुसऱ्या दिवशी कोड आला नाही. फोन आला. धाकट्याला फार आनंद झाला होता. त्याने कोड मागायच्या आधीच एक काम केलं होतं : नावाचा मालकच बदलला होता. स्वतःचं नाव काढून दादाचं घातलं होतं. "आता कायमचं तुझं झालं, पुन्हा माझ्याकडे यायची वेळ येणार नाही," असं तो म्हणाला. ईमेलच्या रकान्यात दुकानाचा ईमेल टाकला होता. त्यानेच काढलेला, त्यालाच पाठ असलेला. दादाचा दुसरा कुठलाही ईमेल त्याला माहीत नव्हता, आणि दादाला दुसरा नव्हताच.

काकांचे डोळे भरून आले. मी तिथे होते म्हणून सांगते.

मग लेकीने कोड मागितला आणि उत्तर आलं की मालक बदलल्यामुळे नावाला साठ दिवसांचं कुलूप लागलं आहे. चोरीपासून संरक्षण म्हणून. या साठ दिवसांत ते दुसऱ्या कंपनीकडे नेता येणार नाही. मुदत संपायला पंचावन्न दिवस उरले होते.

तरीही कुणी घाबरलं नाही. धाकटा रविवारी दुकानात आला, वहिनीच्या हातचं जेवला, संगणकासमोर बसला. ठरलं असं की जुन्या कंपनीकडेच एक वर्षाचं भाडं भरायचं आणि कुलूप निघालं की हलवायचं. त्याने भाडं भरलं. पडद्यावर आलं : आपली विनंती नोंदवली आहे. त्यानंतर दोन रविवार तो नुसताच आला. काका मागे टाच बसवत असत आणि तो पुढच्या खोलीत गिऱ्हाइकांना हसवत असे, जुन्यासारखा. मी तेव्हा मुद्दाम काहीतरी निमित्त काढून जायचे. मला ते बघायला आवडत होतं.

सोळाव्या दिवशी वेबसाइट बंद झाली. ती अर्ध्या दिवसाने येईल म्हणून वाट पाहिली. आली नाही.

झालं होतं ते असं. मालक बदलला की कंपनी नव्या मालकाला एक ईमेल पाठवते : खरंच तुम्हीच ना? पंधरा दिवसांत होकार द्यावा लागतो. तो ईमेल दुकानाच्या पत्त्यावर आला होता आणि जाहिरातींच्या कचऱ्यात पडला होता. असा काही ईमेल येणार आहे हे कुणाला माहीतच नव्हतं. होकार न मिळाल्याने त्यांनी नाव बंद केलं, आणि नाव बंद झाल्यावर त्या नावावर चालणारा दुकानाचा ईमेलही बंद पडला. आता होकार मागणारा ईमेल पुन्हा पाठवा म्हटलं तर ते त्याच बंद पत्त्यावर पाठवायचे. पत्ता बदला म्हटलं तर पडताळणी झालेला मालकच पत्ता बदलू शकतो, असं सांगायचे. भरलेलं भाडंही त्यासाठीच अडलेलं होतं.

धाकट्याने फोन केला तर त्याला सांगितलं, आपण या नावाचे मालक नाही, आपल्याला माहिती देता येत नाही. काकांनी केला तर सांगितलं, आपली पडताळणी झालेली नाही. त्यांनी विचारलं, मग मालक कोण? पलीकडची बाई म्हणाली की तिचा विभाग वेगळा आहे.

मी पुन्हा पत्रं लिहिली. या वेळी त्यांनी काकांच्या नावाचं दुकानाचं वीजबिल मागितलं. बिल अजून आईच्या नावावर येत होतं. आईच्या मृत्यूचा दाखला जोडला, तर उत्तर आलं की मृत व्यक्तीच्या वतीने अर्ज करायचा असल्यास वेगळा नमुना भरावा. मी नमुना मागवला. तो आला तेव्हा मुदत संपून गेली होती. त्यानंतरही महिनाभर नाव सोडवता येतं असं लेकीने शोधून काढलं, पण सोडवायचं कुणी, तर पडताळणी झालेल्या मालकानेच. आमच्या शेवटच्या पत्रावर त्यांनी शेरा मारला : तक्रारीचं निराकरण झाले आहे. चाळीस ओळींच्या पत्राला चार शब्दांचं उत्तर, आणि तेही अशुद्ध.

नाव मोकळं सुटलं त्याच दिवशी कुणीतरी ते उचललं. तिथे आता जुगार चालतो. लाल-काळ्या चकत्या फिरतात आणि एक बाई डोळा मारते. लांबच्या गावच्या एका निवृत्त नर्सने टपालाने पत्र पाठवलं. तिचे पाय काकांनी तीनदा सांभाळले होते. नातीला पत्ता वाचायला सांगितला तर हे काय निघालं, असं तिने विचारलं होतं, आणि खाली लिहिलं होतं की तुम्हाला अशी वेळ आली असेल तर आम्हाला कळवायचं होतं. काकांनी ते पत्र वाचलं आणि घडी करून खणात ठेवलं. दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येक बुटाच्या जिभेवर ते आता कातड्याचा एक तुकडा शिवून टाकायला लागले. पण जे बूट आले नाहीत ते तसेच हिंडत होते. कागदी पाय यायचे बंद झाले.

त्या आठवड्यात धाकटा आला. जुगारवाल्याकडून नाव परत घेण्याचं त्याने बघितलं होतं, मागतील ते द्यायला तयार होता. मी माझे बूट घ्यायला गेले होते, दाराशी उभी होते. काकांनी हातातली रापी खाली ठेवली.

"तुला नाव माझ्यावर करायला कुणी सांगितलं होतं?"

"दादा, मला वाटलं तुला बरं वाटेल."

"मला कोड हवा होता. नुसता कोड. तू विचारलंस मला?"

"नाही विचारलं."

"तळव्यांच्या वेळीही नव्हतं विचारलंस."

मला वाटलं आता तो उलट बोलेल, कारण बोलण्यासारखं खूप होतं. पाच आठवडे काकांनीच मानापायी घालवले होते. पहिल्या दिवशी फोन केला असता तर साठ दिवसांचं कुलूपही मुदतीच्या आत निघालं असतं. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, लेकीला माहीत होतं. तो ते बोलला नाही. माझ्याकडे बघून उगीच मान हलवली आणि गेला. नंतर रविवारी कुणी आलं नाही. जावांचे फोनसुद्धा हळूहळू कमी झाले. कुणाकडून तरी फोनवरचं बोलणं घरात कळायचं आणि मग चार दिवस धुसफूस व्हायची.

वर्षभराने मी मापाला गेले तेव्हा धीर करून विचारलं की धाकट्याचं काही कळतं का. ते गुडघ्यावर बसून माझ्या घोट्याभोवती फीत लावत होते. वर न बघता म्हणाले, "तो वाईट करायला गेला असता तर मी त्याला माफ केलं असतं. तो चांगलं करायला गेला. त्याचं मी काय करू, सांगा."

तुमचंही चुकलं, हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं. त्यांच्या हातात माझा पाय होता आणि मला पुढचे बूट हवे होते. मी दुसरा पाय पुढे केला.

वेबसाइट पुन्हा काढली. नवं नाव लांबलचक आहे, कुणाला एका दमात सांगता येत नाही. या वेळी काकांनी हट्टाने नोंदणी स्वतः केली. लेक शेजारी बसून कुठे काय दाबायचं ते सांगत होती, पण ईमेलचा आणि पासवर्डचा रकाना आला की ते तिला तोंड फिरवायला लावत. पासवर्ड वहीत लिहिला, वही खणात ठेवली, खणाला कुलूप लावलं. ईमेल बघायला तिला आता मनाई आहे. ते स्वतः बघतात, आठवड्यातून एकदा, चष्मा वर-खाली करत. बरेच राहून जातात.

परवा तिची दुसऱ्या गावच्या इस्पितळात बदली झाली. निघायच्या दिवशी ती दुकानात आली. मीही होते. तिने सहज म्हटल्यासारखं म्हटलं की तो पासवर्ड आईला तरी सांगून ठेवा, तुमचं वय होतंय.

काका म्हणाले, "आज तू मुलगी आहेस. तोही भाऊच होता."

तिने बॅग उचलली. पाया पडायला वाकली होती, तशीच सरळ झाली. दारातून मला म्हणाली की पोचले की कळवते. तिचा फोन आला तो मला आला, संध्याकाळी सहाला. बाबांना सांगू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, सांगा तुम्हाला वाटलं तर.